मेलुसीला घरी नेताना

मागुमेदेचं मयताच्या गाडीवाल्या त्शुमाशी जमलंय, ही बातमी जोहान्सबर्गच्या हिलब्रो वस्तीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर सुटली आणि लिफ्ट बंद असूनही गच्चीपर्यंत पोचली. पुरावा भक्कम होता. ही बाई मधूनच फुटपाथवरचं वेण्या घालायचं स्टूल उलटं करून ठेवते, त्शुमाच्या गाडीत बसते आणि चार दिवस गायब होते!

बातमी खोटी होती. खरी असती तर इतकी चविष्ट लागली नसती. आमच्या झिम्बाब्वेकडचं कुणी पोटासाठी जोहान्सबर्गला येतं आणि इथेच मरतं. पेटीचं आणि गाडीचं मयत मंडळ बघतं, पण ज्याचं इथे कुणीच नाही त्याच्या आत्म्याला घरी कोण नेणार? ते काम मागुमेदेनं आपणहून, फुकट अंगावर घेतलेलं.

बोरीसारखी काटेरी म्फाफाची फांदी घेऊन तो जिथे मेला तिथे जायचं, हाक मारायची. तो फांदीवर आला की घरापर्यंत त्याला वाट सांगत न्यायचं. वळण आलं, सांगायचं. नदी आली, सांगायचं. आणि मध्ये जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललं की तो तिथेच उतरतो.

एक शब्द नाही! आणि हे करणार कोण, तर मागुमेदे, जिच्या स्टुलावरून उठणाऱ्या गिऱ्हाइकाला आख्ख्या रस्त्याची लग्नं आणि भांडणं पाठ झालेली असतात.

या खेपेला मेलुसी होता. बांधकामाच्या परांचीवरून पडलेला. गावाकडून, त्शोलोत्शोहून त्याच्या आईचा, म्हाताऱ्या मादुबेचा, फोन आला. "बाई, याचा बापही तिकडेच खाणीत गेला. नुसती पेटी आली, फांदी कुणी आणली नाही. अजून वारा सुटला की मी दार उघडून बघते. पोराचं तसं नको गं होऊ देऊ."

मागुमेदेच्या हातातली वेणी अर्धीच राहिली.

परांचीखाली उभं राहून तिनं हाक घातली. "मेलुसी, ऊठ बाळा. काम पुरे झालं. आईनं बोलावलंय."

मग गाडी निघाली. "हा मोठा रस्ता बघ. आता पंपावर थांबतोय, त्शुमाला चहा हवाय. त्याला नेहमीच हवा असतो. तू फांदी सोडू नकोस."

"आज माझ्याशी कशी गप्प आहेस गं!" त्शुमा पुढून म्हणाला. "देवा, ही खेप कधी संपूच नये." हिच्याकडून उत्तर यायचं नाही हे ठाऊक असल्यानं त्याला चेव आला होता. मागुमेदेनं ओठ आवळले. जिभेच्या टोकावर आलेलं कसं गिळलं, तिचं तिलाच ठाऊक.

पुलावर तिचा आवाज हळू झाला. "ही लिम्पोपो. येताना तूही आमच्यासारखा गळाभर पाण्यातून, अंधारात आला असशील. आज पुलावरून चल. ऐटीत."

पलीकडे सरहद्दीच्या नाक्यावर कोवळ्या मिशीचा साहेब होता. "मावशी, मयताच्या कोण तुम्ही?"

मागुमेदेनं फांदी पुढे केली.

"कानात बोळे घातलेत का?"

"साहेब, ती बोलायची नाही," त्शुमा म्हणाला. "हातात फांदी आहे."

"मला यांच्याच तोंडून हवं. नाहीतर गाडी बाजूला लावा."

ऊन रणरणत होतं. तोंड उघडलं तर पोरगा इथेच उतरणार, नाही उघडलं तर पेटी उन्हात तापणार. आणि तिकडे म्हातारी दाराशी. मागुमेदेच्या हातात काटे रुतले. मग तिनं मान खाली घातली आणि फांदीशी बोलू लागली.

"मेलुसी बाळा, हे साहेब मी कोण ते विचारतायत. मी तुला सांगतेय, त्यांच्या कानावर पडलं तर माझा इलाज नाही. मी मागुमेदे. हिलब्रोत वेण्या घालते. मी तुझी कुणीही नाही रे. पण तुझी आई वाट बघतेय, आणि एकदा नुसत्या पेटीवर ती फसलीय."

साहेबाचं पेन थांबलं. त्यानं टोपी काढली आणि तोही फांदीपाशी वाकला.

"मेलुसीदादा," तो हळूच म्हणाला, "मावशीला सांग, इथे सही करायची. आणि पुढे कुणी अडवलं तर हे असंच कर म्हणावं."

त्शोलोत्शोला मादुबे कुंपणाशीच उभी होती. फांदी तिनं बाळासारखी उराशी धरली. काटे टोचले असतील, तिनं दाखवलं नाही. "आलास? दमलास का रे?" म्हणत आत जाऊन त्याच्या चटईवर ठेवली. मग मागुमेदेकडे वळली. "आता बोल बाई, सुटलीस."

सगळा रस्ता साठवलेली बडबड, पण मागुमेदेला एक शब्द सापडेना. ती म्हातारीचा हात धरून नुसती बसून राहिली.

हिलब्रोला परतल्यावर स्टूल सुलटं करते न करते तोच खालची कणसंवाली मान्याथी डोळे मिचकावत आली. "काय गं, त्या त्शुमाशी वाटभर काय काय गुलुगुलु केलंस?"

मागुमेदेनं कंगवा झटकला.

"त्शुमाशी? अगं, जाताना माझ्याबरोबर मेलुसी होता. माझं सगळं बोलणं त्यानं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तुमच्या जिवंतांत असा एक दाखव, उद्याच लग्न करते."