नर्सबाई एकट्याच हसल्या

नर्सबाई म्हणजे जमातीचं भूषण. जमातीतली शिकलेली पहिली बाई. घरीदारी त्या सरकारी भाषेतच बोलत आणि लोक कौतुकाने म्हणत, "शिकलेल्या माणसाला शोभतंच ते!" खरं कारण थोरल्या बहिणीलाच ठाऊक होतं. लहानपणी वसतिगृहाच्या शाळेत आपल्या भाषेतला शब्द तोंडून निघाला की छडी बसायची. भाषा गेली ती गेलीच. झाकली मूठ मात्र सव्वा लाखाची राहिली.

पुढे जमातीने भांडून भांडून शाळा सरकारकडून आपल्या ताब्यात घेतली. शाळेच्या समितीचा अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार! बाईंनी मुकाट मान हलवली.

पहिलंच काम शिक्षिका निवडण्याचं. अट एकच, मुलांना आपल्या भाषेत गोष्ट सांगायची. शेवटचा शब्द अध्यक्षांचा. मुलं सतरंजीवर बसली, समिती खुर्च्यांवर. उमेदवार एक तरुण पोरगी होती, हात नाचवत छान रंगवून सांगत होती. बाईंना ओ की ठो कळत नव्हतं. मुलं हसली की त्या हसत, मुलं गप्प झाली की गंभीर होत. मग पोरीने एकदम चिरका, बारीक आवाज काढला. आता हसायचंच असणार, असं धरून बाई मोठ्यांदा हसल्या.

एकट्याच. मुलं वळून बघू लागली. पुढच्या एका चिमुरडीच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेजारच्या खुर्चीतली थोरली कानाशी वाकली. "अगं, हरिणी मेली. पाडस हाक मारतंय तिला. आपली आई सांगायची तीच गोष्ट ही. हट्ट करून ऐकायचीस की!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

"बाई, माझं काही चुकलं का?" पोरीने भेदरून सरकारी भाषेत विचारलं.

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. 'हो' म्हटलं की अब्रू वाचणार आणि पोरीची नोकरी जाणार. ते 'हो' अगदी ओठांवर आलं होतं, याचीच बाईंना पुढे जन्मभर लाज वाटली.

"तुझं नाही चुकलं, बाळ. मला आपली भाषा येत नाही."

समितीने नजरा सतरंजीकडे वळवल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. पोरीची निवड तिथेच झाली.

घरी जाताना बाईंनी थोरलीला विचारलं, "ताई, पाडस काय म्हणून हाक मारत होतं गं?"

थोरलीने तो शब्द सांगितला. बाई जागच्या जागी थांबल्या. आईला दुसरी भाषा कधी आलीच नाही, आणि तिच्या शेवटच्या दिवशी उशाशी बसून बाई तिला सरकारी भाषेत हाका मारत राहिल्या होत्या.