कोमलने कॅनचं झाकण लावलं तेव्हा

आज सकाळी कोमलने दुधाच्या कॅनचं झाकण दाबून लावलं आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

मित्रांनो, कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी कडा गावाजवळ मामाच्या खव्याच्या भट्टीवर असतो. कोमल तिथं रोज दूध घालते. माझा जीव तिच्यात किती अडकलाय ते तुम्हाला माहीत आहेच, कमेंटमध्ये चिडवू नका.

नारायणगडच्या यात्रेसाठी पेढ्यांची ऑर्डर होती. कढई चुलीवर तापत होती. कोमल मामाला म्हणाली, "काका, पावसाळ्यात दूध लई झालं की आमचं संध्याकाळचं दूध माघारी पाठवता. बारमाही घेनार का, ते आज सांगा."

"तुमच्याबिगर भट्टी बंद पडन व्हय?" मामा ओरडला.

तिने झाकण लावलं. तिच्यामागे दूध घालायला रांगेत उभ्या सगळ्या बायकांनीही आपापल्या कॅनचं लावलं. एरवी दूध घालणाऱ्यांवर आवाज चढवायचं काम माझं, पण आज माझी नजर कढईवर होती. दुधाविना कोरड्या कढईतून धूर यायला लागला. एवढी मोठी भट्टी एका झाकणावर थांबते!

मामाने मला आतल्या खोलीत ओढलं. "तुझं ऐकन ती. आज हो म्हनून टाक, यात्रा झाल्यावर कोन इचारतंय बे?"

मला वाटायचं, दूध घ्यायचं की नाही ते ठरवतो तो मालक. तुम्हीच सांगा, दूधच नसेल तर मालकी कशाची?

"मामा, बाहेर येऊन सगळ्यांसमोर खरं बोला. तवर मी कढईला हात लावनार न्हाई," म्हणालो, बाहेर पडलो आणि धाडकन दार लावलं.