मधपेटीची खंडेनवमी

आमच्या गच्चीवरच्या मधमाश्या मी पाळल्या आहेत, असा माझा बरेच दिवस समज होता.

त्या मी आणल्या, एवढं मात्र खरं. सातेरी जातीच्या, स्वभावानं गरीब. लाकडी पेटी लोखंडी स्टँडवर, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. एवढी बडदास्त सोलापूरच्या उन्हात आमच्या घरी दुसऱ्या कुणाची होत नाही (माझी तर नाहीच!). पेटी आली त्याच दिवशी माझ्या बायकोनं, सुवर्णानं, पदर खोचून निकाल दिला, "एका माणसाला जरी चावली ना, तर पेटी दुसऱ्या दिवशी कुंभारीला, माझ्या भावाच्या शेतात. सांगून ठेवते."

"अगं, चावत नाहीत त्या. मधमाशीचं मानसशास्त्र असं असतं..."

"तुमचं भाषण नको. ठरलं म्हणजे ठरलं."

भाषणाचा मोह मला आवरत नाही. दूधवाला, कुरिअरवाला, पाण्याचं मीटर बघायला येणारा, जो दारात येईल त्याला मी मधमाश्या समजावून सांगायचो. धूर दिला की त्या निवतात. काळं काही दिसलं की अस्वल आलं समजून चिडतात. एकीनं डंख मारला की तिथं एक वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर धावून येतात. तो वास थेट पिकलेल्या केळ्यासारखा, म्हणून पेटीपाशी केळं न्यायचं नाही! मीटरवाला हल्ली घरात न येताच अंदाजे आकडा टाकतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा. शेजारच्या नरसक्कांच्या टॉवेलच्या मागांना हार, आमच्या स्कूटरला हार, मिक्सरला हळदकुंकू. सासरे मंद्रूपहून सणाला आले होते. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा गच्चीवर आले, पेटीकडे पाहिलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले,

"जावईबापू, मिक्सरला फूल आन् ह्या लक्ष्मीला कायच न्हाय? ही बी हत्यारच की तुमचं!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! या घरात पेटीच्या बाजूनं बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. खुद्द अप्पांनी लक्ष्मी म्हटल्यावर तिला कुंभारीला धाडायची कुणाची छाती होती? ठरवलं, पूजा दणक्यात करायची. नरसक्कांनाही बोलावलं. सणासाठी केसांना आणि मिशांना काळाकुळकुळीत कलप लावलेलाच होता. (अस्वलाचं आठवायला हवं होतं. नाही आठवलं.)

हळदकुंकू झालं. अप्पांनी झेंडूचा जाडजूड हार घातला, तो नेमका माश्यांच्या दारावर. रानातून परतलेल्या माश्यांना आत जाता येईना. त्या दाराबाहेर गर्दी करून घोंगावू लागल्या.

"बघा अप्पा, दर्शनाला आल्या!" मी म्हणालो.

सुवर्णानं ताट पुढं केलं. "केळी कुठं ठेवू?"

"पेटीवरच ठेव की!"

होय, हे मीच म्हणालो. केळ्याच्या वासावर गावभर व्याख्यानं देणारा मी. पण पूजेच्या ताटात आलं की माझ्या लेखी ते केळं राहत नाही, त्याचा प्रसाद होतो. माश्यांना हा फरक कुणी सांगितला नव्हता.

"नारळ कुटं फोडू?" अप्पांनी विचारलं. मी स्टँडचा कोपरा दाखवला. गच्चीवर त्याच्याइतकं टणक काहीच नव्हतं.

अप्पांनी नारळ डोक्यावर नेला आणि धाडकन आपटला. नारळ फुटला नाही. पेटी मात्र बुडापासून हादरली आणि आतून गुर्रर्र असा आवाज आला.

"देवी बोलली बघा!" अप्पा भारावून म्हणाले आणि त्यांनी दुप्पट जोरानं पुन्हा आपटला.

या वेळी नारळ फुटला. आणि पेटीतून अख्खं कुटुंब बाहेर पडलं!

"ओड्री! ओड्री!" अप्पा संकटात कानडीवर जातात. पळा म्हणत होते, आणि मला अर्थ लागेपर्यंत स्वतः जिना उतरलेही होते. त्यांच्या मागोमाग नरसक्का. सुवर्णा दोरीवरची पांढरी चादर ओढून तिच्यात शिरली आणि तशीच खाली गेली. मी मात्र हललो नाही. मी जाणकार ना! "कुणी पळू नका! हात हलवू नका! शांत उभे राहा!" असं मी गच्चीला बजावत होतो. गच्चीवर तेव्हा मी, माश्या आणि अर्धा नारळ, एवढेच होतो. त्यात काळं असं फक्त माझं डोकं.

पहिला डंख मिशीत बसला. मग त्या वासावर बाकीच्या आल्या. शास्त्र अगदी तंतोतंत खरं निघालं!

तोंडावर टॉवेल दाबून खाली आलो, तर सुवर्णा एकेकाला तपासत होती. अप्पा ठीक, नरसक्का ठीक. मग ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला चावली का?"

सकाळचा चहा घेऊन त्या पेटीपाशी बसायचं, माश्यांची ये-जा बघायची, हे सुख आता माझ्या एका शब्दावर होतं. मी बेधडक खोटं बोललो.

"अआ? आई वा." (म्हणजे, मला? नाही ब्वा.)

"तोंडाला काय झालं मग?"

"आआढ उखे." (दाढ दुखते, असं मला म्हणायचं होतं.)

"व्हय, दाढच ती," अप्पा मला सांभाळून घेत म्हणाले, "फकस्त कपाळावर उगवल्याली दिसतीया."

दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले. सगळ्यांनी सुवर्णाला आपट्याची पानं दिली आणि माझ्याकडे बघून, "पाहुणे कुठले?" म्हणून चौकशी केली. मला खुलासा करता येईना. ओठ डोनटसारखे सुजले होते.

पाहुणेमंडळी गेल्यावर सुवर्णा माझ्यासमोर बसली. मिशीत राहिलेला एक काटा तिनं नखानं अलगद खरवडून काढला आणि माझ्यापुढे धरला. पुरावाच तो! मी हात जोडले. बोटानं गच्चीकडे दाखवलं. डोळ्यांनी गयावया केली (उघडत होता त्या एका डोळ्यानं).

"पेटी कुठं जात नाही," ती म्हणाली.

माझा विश्वासच बसेना.

"काल दुपारपास्नं घर कसं शांत वाटतंय. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. अजून एक पेटी मिळते का बघा की!"

यावर मला फार बिनतोड उत्तर सुचलं होतं. ओठ उघडले असते, तर दिलंही असतं.