रॉनीचा साप आणि आमचा लोबान

गेल्या महिन्यात सौदीतल्या थुवालच्या आमच्या क्वार्टरमध्ये एक साप राहायला आला. पाळलेला, बिनविषारी, नारिंगी रंगाचा... नाव मँगो.

तो माझ्या लॅबमधल्या रॉनीचा. परदेशी माणसांच्या जागी सौदी घ्यायचे, त्या सौदायझेशनमध्ये त्याची पोस्ट गेली, देश कायमचा सोडायचा फायनल एक्झिट व्हिसा लागला, आणि मनिलाला साप नेता येईना. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार...

माझी बायको नसीमा दापोलीची. साप दिसला की काठी शोधायची, एवढंच तिला ठाऊक. दोन दिवस धुसफुसली, मग म्हणाली, "येऊ दे त्याला. पण माझ्या कोलंबीच्या शेजारी तुमचे उंदीर ठेवलेत तर याद राखा." मँगोच्या खाण्याच्या गोठवलेल्या उंदरांसाठी मी गुपचूप छोटा फ्रीजर घेऊन आलो.

पहिला आठवडा मँगोने काही खाल्लं नाही. नव्या जागेत असं होतं, हे रॉनीने सांगितलंच होतं. दुसऱ्या आठवड्यातही उंदीर तसाच पडलेला, आणि माझा जीव टांगणीला लागला. लॅबमधून दिवसाला तीन फोन... मुलगी झोया वैतागून म्हणायची, "अब्बा, ही इज फाइन."

तिसऱ्या आठवड्यात तो फाइन राहिला नाही. मान वर करून, तोंड उघडं ठेवून बसायला लागला, श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज. हीटर तपासला, पाणी बदललं, थर्मामीटर नवा आणला... काही फरक नाही.

रॉनीला मात्र "मस्त आहे" असंच कळवत राहिलो. त्याला तिकडे अजून नोकरी नव्हती. आता सापही मेला, तर ते कुठल्या तोंडाने सांगायचं?

रॉनीच्या खुर्चीत आता फैसल बसतो. तिशीतला सौदी, दोन मुलांचा बाप. चूक त्याची काहीच नव्हती, पण सलामापलीकडे मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

त्या दिवशी मी मँगोचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होतो. फैसल मागे येऊन उभा राहिला. "घरात बुखूर जाळता का? माझ्या आईच्या धुराने आमचा पोपट असाच धापा टाकायचा."

बुखूर नाही, आम्ही लोबान जाळतो. दर गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर, गावी जाळतात तसाच. तेवढ्याने काय होणार, असं मनाशी म्हणत नसीमाला फोन केला.

ती म्हणाली, "गुरुवारीच नाही... रोज." जीव रुळत नाही म्हणजे नजर लागली असणार, म्हणून बिचारी रोज मँगोच्या काचेच्या टाकीभोवती धूपदाणी फिरवत होती. धूर आत जावा म्हणून झाकणाच्या जाळीशी धरून. "मला भीती वाटते त्याची, पण वाईट नव्हतं हो चिंतलं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

रागवायचं कुणावर...

फैसलने गाडीची किल्ली उचलली. "यल्ला." त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे, जेद्दापर्यंत, तो स्वतः गाडी चालवत आला. आधी घरून मँगोला एका डब्यात घेतलं; तो डबा मांडीवर ठेवून मी पूर्ण रस्ता मँगोचा श्वास मोजत होतो. डॉक्टरांनी औषध दिलं. धूर बंद, टाकी झाकून ठेवा आणि कुणीही डोकावू नका, एवढंच बजावलं.

नसीमाने आपली जाड ओढणी टाकीवर घातली. रोज सकाळी लॅबमध्ये फैसल विचारायचा, "खाल्लं?" मी नकारार्थी मान हलवायचो. नऊ दिवस हेच.

परवा सकाळी ओढणीचं टोक उचललं. उंदीर नव्हता. मँगो तोंड मिटून, वेटोळं घालून निवांत पडला होता, आणि मी तिथेच जमिनीवर बसून घेतलं.

मग रॉनीला सगळं खरं लिहिलं. लोबान, माझं खोटं, फैसलची गाडी. भीतभीतच उत्तराची वाट पाहिली.

उत्तर आलं, "थँक यू, ब्रदर. त्या नव्या माणसाला मशीन नीट शिकव. तिसरा व्हॉल्व्ह अडकतो, ते मी कुठेच लिहून ठेवलेलं नाही."

व्हॉल्व्ह अडकतो हे मलाही माहीत होतं. इतके दिवस फैसल त्याच्याशी झटापट करत होता, आणि मी बघत होतो.

काल त्याला सांगितलं.