सायक्लिन नष्ट होईना

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मलकापूरच्या एका शाळेत सायक्लिन झाले होते. नाटकात. आम्हाला पेशीविभाजन शिकवणारे सर फार उत्साही होते. पेशी कशी आणि केव्हा दुभंगते, या शोधाला त्या सुमारास जगातलं मोठं पारितोषिक मिळालं, तर सरांनी आपल्याच घरात कुणी पास झाल्यासारखे कोल्हापुरात पेढे वाटले. मग त्यांना वाटलं, हे गावोगावच्या पोरांनाही कळलं पाहिजे. त्यांनी एक नाटुकलं लिहिलं.

त्यातलं विज्ञान साधं होतं. पेशीत कायनेज नावाची काही प्रथिनं असतात. एकटं असलं की कायनेज नुसतं बसून राहतं. सायक्लिन नावाचं दुसरं प्रथिन येऊन त्याला जोडलं गेलं, की ते कामाला लागतं आणि ठरावीक प्रथिनांना फॉस्फेट चिकटवत सुटतं. मग एका पेशीच्या दोन होतात. काम झालं की सायक्लिन नष्ट होतं आणि कायनेज परत गप्प बसतं. ही जोडी वेळेवर सुटली नाही किंवा तिला आवरणारे ब्रेक बिघडले, तर पेशी वाढतच जातात. कॅन्सरमध्ये असले बिघाड पुष्कळदा सापडतात.

कायनेज झाला होता माझा वर्गमित्र, कागलकडचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. वर्गात मुलगे दोनच. दुसऱ्याला लोकांसमोर उभं केलं की उचकी लागायची, म्हणून सायक्लिन मी. पण तालमीत आम्ही हात धरल्याबरोबर सर अस्वस्थ झाले. मुलगा-मुलगी हातात हात घालून गावात उभी राहिली तर शाळा पुन्हा बोलावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा त्यांनी सत्कारात मिळालेलं जरीकाठी उपरणं आणलं. त्याचं एक टोक कायनेजच्या कमरेला बांधलेलं, दुसरं मी येऊन माझ्या ओढणीला बांधायचं. फॉस्फेट म्हणून टिकल्यांची पाकिटं घेतली. हे सगळं मिळून काय दिसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

शाळेच्या पटांगणात सगळी पोरं आणि निम्मं गाव जमलं होतं. माझी मामी मलकापुरातच राहायची. ती शेजारणींना घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. मी आले, उपरण्याची गाठ मारली. मागून कुणीतरी "सावधान" म्हणालं आणि पोरं टाळ्या पिटू लागली. कायनेज बिचारा खाली मान घालून स्टेजवर पेशी झालेल्या पोरांच्या कपाळाला टिकल्या लावत होता. ज्या मुलाला टिकली लागेल त्यानं प्रेक्षकांतून आणखी एकाला हाताला धरून वर आणायचं, म्हणजे पेशीच्या दोन पेशी, असं ठरलं होतं.

दोनाचे चार, चाराचे आठ झाले. सरांनी माईकवर जाहीर केलं, की आता सायक्लिन नष्ट होते. मी गाठ सोडायला गेले, तर ती सुटेना. घाबरून मी भलतीच घट्ट मारली होती. सरांना वाटलं मी विसरले. ते पुन्हा म्हणाले, आणि मग तिसऱ्यांदा, जरा जरबेनं, "सायक्लिन, नष्ट हो."

"सर, होता येईना," मी म्हणाले. माईक जवळच होता. पटांगणभर ऐकू गेलं.

गाठ सुटेपर्यंत काम थांबवायचं नाही, असं कायनेजला पाठ करून दिलेलं होतं. तो टिकल्या लावत राहिला आणि पोरं पोरांना ओढत राहिली. टेबलं जोडून केलेल्या स्टेजवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मुख्याध्यापक पोरांना खाली उतरवायला वर चढले, तर त्यांच्याही कपाळाला टिकली लागली आणि दोन पोरांनी त्यांना जोडीदार म्हणून शिपायाला वर ओढलं. तेवढ्यात कडेचं टेबल कलंडलं. लागलं कुणाला नाही, सगळे हळूहळू घसरत मातीत आले. शेवटी शिवणाच्या बाईंनी कात्री आणून उपरणं कापलं. निरोगी पेशी दाखवायला निघालेले आम्ही थेट कॅन्सर दाखवून मोकळे झालो होतो. सरांनी प्रसंगावधान राखून माईकवर तसं सांगूनही टाकलं.

मामी मात्र तोवर घरी पोचली होती. तिनं चंदगडला फोन लावून आबांना सांगितलं, "दाजी, तुमच्या लेकीची गाठ मारली की हो, शाळेत, माईकवरनं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आबा कोल्हापूरला आले आणि थेट प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. आमची काजूची बाग. हाताला डिंकाचे डाग तसेच होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी कायनेजला गाठलं आणि काय करता म्हणून विचारलं.

"मी कायनेज, काका," तो घाबरून म्हणाला.

"ते हितं. घरी?"

"घरी म्हशी हायत."

सरांनी आबांना स्टुलावर बसवलं आणि फळ्यावर सगळं चक्र काढून तासभर समजावलं. आबा एकदाही हलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे ही जोडी सुटली की सगळं थांबतंय?"

सर हो म्हणाले.

"आणि तुमी ती कापली?"

"कात्रीनं."

"मग मिटलं की," आबा म्हणाले आणि त्यांनी पटका सारखा केला.

मी खरं तर रडायच्या बेतात होते, पण त्यांचा चेहरा बघून हसूच आलं. आबांनी मग सरांकडे सूक्ष्मदर्शकातून पेशी बघायचा हट्ट धरला. सरांनी कांद्याच्या मुळाची काचपट्टी लावून दिली. आबा एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. दुभंगणारी पेशी सापडल्यावर त्यांनी कायनेजला हाक मारून स्टूल रिकामं केलं आणि म्हणाले, "बघा पावणं, तुमचंच काम चाललंय." त्यानं वाकून डोळा लावला, आणि बाजूला खेटून उभे असलेले आबा, कुठली पेशी ती त्याला सांगत राहिले.