नऊच्या खेळातल्या बायका

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. त्यांची सून नाझनीन नांदेडच्या दवाखान्यातून बोलत होती. "काकू, अम्मी गेल्या..." उपचार घेऊन आपा लातूरला परत येतील, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान. माझे मिस्टर गेल्यावर मी कितीतरी महिने घराबाहेर पडलेच नव्हते. एका गुरुवारी आपा थेट स्वयंपाकघरात आल्या. "उद्या पिक्चरला यायचं. आपल्या रेणापूरकडं शूटिंग झालेला मराठी पिक्चर हाय."

"लोक काय म्हणतील, आपा?"

"लोकं पिक्चर बघतील. तुझ्याकडं कशाला बघून राहतील?"

चौकातल्या फ्लेक्सवर 'रोज चार खेळ' असं लिहिलं होतं. थेटरात गेलो तर मराठीला एकच खेळ, तोही सकाळी नऊचा! बाकी सगळे हिंदीचे. काचेच्या चौकटीत केव्हाच उतरलेल्या सिनेमाचं पोस्टर, आणि आमच्या सिनेमावर अजून 'लवकरच येत आहे'ची पट्टी. प्रेक्षक आम्ही दोघीच. मॅनेजर म्हणाले, दोघींसाठी खेळ लावता येत नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आपा मात्र हलल्या नाहीत.

"साहेब, नऊला बायांनी डबे करायचे का पिक्चर बघायचा?"

"वेळा मुंबईहून ठरून येतात, आपा."

"मग मुंबईला सांगा, आमच्याकडं नळ रोज येत न्हाई. आला की बाई घर सोडत न्हाई."

मॅनेजर हसले. "रविवारी माणसं दाखवा, म्हणजे मला वर बोलता येईल. नाहीतर सोमवारी पिक्चर उतरतोय."

मग काय... बांगड्या भरायला पुढं आलेला प्रत्येक हात धरून आपा पिक्चरचं सांगू लागल्या. दुपारी मला सोबत घेऊन घरोघर फिरल्या. जिला उंबरा ओलांडायची भीती वाटत होती, ती मी दुसऱ्यांच्या दारात उभी राहून "या बरं का नक्की" म्हणत होते.

रविवारी बायका आल्या. कुणाचे केस ओले, कुणी भाजी अर्धवट झाकून आलेली. पडद्यावर पिक्चरचं नाव झळकलं तशी आपांनी बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मागच्या रांगेतली पोरं वळून बघू लागली. मी मोठ्यानं हसले. किती दिवसांनी, कोण जाणे. मॅनेजरांनी भरलेल्या रांगांचा फोटो वर पाठवला, आणि मंगळवारपासून पिक्चर दुपारी तीनला लागला. दुसरा आठवडाही निघाला. चौकटीत खरं पोस्टर लागलं तेव्हा ते दाखवायला मॅनेजरांनी आपांना मुद्दाम बोलावून घेतलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी कितीतरी पिक्चर पाहिले. नाझनीन कधी आली नाही. दुकानात कुणीतरी थांबायला हवं म्हणून तीच मागं राहायची.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिनं दुकान उघडलं. गेल्या शुक्रवारी मी सहज डोकावले तर ती दिवसाउजेडीच शटर ओढत होती.

"काय गं, बंद?"

"काकू, नवा मराठी पिक्चर लागलाय. सकाळीच थेटरला फोन करून विचारलं." ओढणी सारखी करत ती जरा लाजून म्हणाली, "सहाचा खेळ हाय. भाकऱ्या करून ठेवल्यात. तुम्ही येता का?"

मी घरी जाऊन गॅस बघितला, कुलूप लावलं आणि तिच्यासोबत निघाले.