हॉटेलच्या भिंतीसाठी रंधे

त्या दिवशी सकाळपासून हात एका जागी राहत नव्हते. एक भाकर करपली, दुसरी थापतानाच तुटली. दुपारी हायवेवरचा हॉटेलवाला माझे रंधे न्यायला येणार होता. त्याला नव्या हॉटेलच्या भिंतीवर जुन्या वस्तू लावायच्या होत्या. आमच्या मालकांनी मला न विचारताच हो म्हणून टाकलं.

मालक सुतार आहेत. घरात मशीनचा रंधा आल्यापासून ते हातरंध्याला शिवत नाहीत. मी मात्र धारूरच्या बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यात रंधे शोधते. एखाद्याची मूठ झिजलेली, एखाद्याचं पातं गंजलेलं. पातं दगडावर घासायचं, पाचर ठोकून बसवायचं आणि उरलेल्या फळीवर चालवून बघायचं. पाट, पोळपाट मी या रंध्यांनीच करते. सालपट पातळ निघालं की जीव थाऱ्यावर येतो. हे सांगायचं तरी कुणाला?

"आवं, एक तरी राहू द्या," मी म्हटलं.

"बाया भांडे जमवत्यात, तू रंधे! शब्द दिलाय मी त्याला. आन् मशीन हाय की घरात."

मशीन सुरू झालं की मी परसात निघून जाते.

परक्या माणसापुढं मला बोलता येत नाही. उठले, बसले, भरलेली घागर परत भरायला गेले. शेवटी रंधे घेऊन परसात बसले. रंध्याच्या मागच्या टोकावर हातोडी मारली तशी पाचर निसटली, पातं सैल झालं. एकेक पातं काढून फडक्यात गुंडाळलं आणि पाचरी होत्या तशा बसवल्या.

हॉटेलवाल्यानं रंधे उलटेपालटे करून पाहिले. "पाती कुठं हायेत, वैनी?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून म्हटलं, "हाटेलात लेकरं हात लावत्यात. कापंल."

"हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं," म्हणत त्यानं रंधे गाडीत टाकले.

गाडी गेल्यावर मालक म्हणाले, "लई चालू हायेस गं तू! पण नुसती पाती काय चाटायचीत?"

तेही खरंच. रंध्याचं लाकडी अंग कसं कोरतात, पात्यासाठी खाच किती तिरपी ठेवतात, मला माहीत नाही. तरी बाभळीचा एक वाळका ठोकळा आणून ठेवलाय. आज सकाळपासून तो कोरायला पटाशी मागायची म्हणून मालकांच्या मागंपुढं करतेय. अजून तोंड उघडलेलं नाही.